चार छोटे नोड, एक रेंडर फार्म

प्रश्न : आम्ही इमारतींचे वॉकथ्रू (आतून-बाहेरून फिरवून दाखवणारी चित्रफीत) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये, म्हणजे सीनवरून चित्र बनवणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) भागात, करतो. झाडे-गवत घातले की सीन 12 जीबीच्या ग्राफिक्स कार्डात मावत नाही आणि सीपीयूवर रेंडर करावा लागतो. कमी पैशांत, कमी जागेत चार नोड (फक्त रेंडर करणारे संगणक) कसे जुळवावेत? (नाशिक)

उत्तर : पैसे काढण्याआधी सीन तपासा. झाडे शिफ्ट-डीने (साधी प्रत) वाढवली असतील तर प्रत्येक प्रतीची भूमिती मेमरीत वेगळी बसते. ऑल्ट-डीने केलेल्या (जोडलेल्या) प्रतींची एकदाच. लांबच्या झाडांचे 4के टेक्स्चर (पृष्ठावर चढवलेले चित्र) 1केवर आणले तर त्यांची जागा सोळाव्या हिश्श्यावर येते. एवढ्याने सीन कार्डात मावला तर नोड घेऊच नका. मध्यम दर्जाचे आरटीएक्स कार्ड पुढे सांगितलेल्या चारही नोडना मिळून मागे टाकते.

तरीही मावत नसेल, तर प्रत्येक नोडसाठी रायझन 5 5600जी घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, आणि चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असल्याने वेगळे कार्ड लागत नाही. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स घ्या. मिनी-आयटीएक्स 17 सेंमीचा असतो, हा फार तर 24.4 सेंमीचा, तेवढ्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. प्रोसेसरशेजारच्या पॉवर फेजवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) हीटसिंक आहे ना, ते मात्र पाहाच. रात्रभर पूर्ण भार असतो. उघडे फेज तापले की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो.

रॅममध्ये काटकसर नको. नोडची रॅम एकत्र होत नाही, पूर्ण सीन प्रत्येकात मावावा लागतो. 16 जीबीच्या दोन स्टिक लावा. रॅम कमी पडल्याची खूण सरळ आहे : सीपीयूचा वापर शंभर टक्क्यांवरून एकदम खाली येतो, डिस्कचा दिवा थांबत नाही आणि पाच मिनिटांची फ्रेम तासभर चालते. डिस्क 256 जीबीची साधी एसएसडी पुरे. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वापरू नका. 80 प्लस ब्राँझ दर्जाचा 400-450 वॅटचा वेगळा घ्या.

असा नोड भिंतीतून साधारण 120 वॅट ओढतो. चारांना दहा तासांचे पाच युनिट धरा. मे महिन्यात खोली तापत असेल तर बायोसमध्ये प्रोसेसर 45 वॅटवर बांधा. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच कमी होते. लोडशेडिंगसाठी तिथेच ‘वीज परतल्यावर आपोआप सुरू’ हा पर्यायही लावून ठेवा.

प्रश्न : नोड जोडले, पण फाइल उघडायलाच फार वेळ लागतो. वायफाय नाही, केबल आहे. (पुणे)

उत्तर : स्विचवर जोडणी 100 एमबीपीएस दाखवते का, ते आधी बघा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली तरी जोडणी 100 वर उतरते आणि तक्रार कुठेच दिसत नाही. 3 जीबीची फाइल चार नोडना गिगाबिटवर दोनेक मिनिटांत पोहोचते, 100 वर सतरा-अठरा मिनिटे जातात. इंटरनेटच्या स्वस्त राउटरची पोर्टही बहुधा 100 चीच असतात, म्हणून गिगाबिट स्विच वेगळा घ्या. फ्लेमेन्को (नोडना फ्रेम वाटून देणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर चंक साइज, म्हणजे एका वेळी दिल्या जाणाऱ्या फ्रेमची संख्या, 1 ठेवू नका. त्यात प्रत्येक फ्रेमला ब्लेंडर बंद होऊन फाइल नव्याने उघडतो. 5 ते 10 ठेवा.

प्रश्न : फ्लेमेन्कोशिवाय काम होईल का? (सांगली)

उत्तर : होईल. सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवा, सगळे पाथ रिलेटिव्ह (ब्लेंडर फाइलच्या जागेपासून मोजलेले) करा, आउटपुट पीएनजी किंवा ईएक्सआर मालिकेत घ्या (व्हिडिओ फाइल नको), ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू करा. मग प्रत्येक नोडवर तीच फाइल रेंडरला लावा. जो नोड फ्रेम घेतो तो त्या नावाची रिकामी फाइल टाकतो, बाकीचे पुढची फ्रेम घेतात. नोड मध्येच बंद पडला तर ती शून्य आकाराची फाइल तशीच राहते आणि तिला कोणीच हात लावत नाही. सकाळी फोल्डर आकारानुसार लावून अशा फाइली पुसा आणि पुन्हा रेंडर लावा.

प्रश्न : तयार चित्रफितीत काही फ्रेमचा रंग वेगळा दिसतो, गवत लुकलुकते. (ठाणे)

उत्तर : एखाद्या नोडवर ब्लेंडरची जुनी आवृत्ती आहे. एजीएक्स हा रंगव्यवहार 4.0 पासून आला, 3.6 असलेल्या नोडला तो माहीतच नाही. सर्वत्र शेवटच्या आकड्यापर्यंत एकच आवृत्ती ठेवा. डीनॉइजरही (चित्रातले ठिपके साफ करणारी सोय) एकच हवा : काही फ्रेम ऑप्टिक्सने आणि काही ओपनइमेजडीनॉइजने साफ झाल्या की बारीक पोत फ्रेमागणिक बदलतो. गवत वाऱ्याने हलते ते सिम्युलेशनने असेल तर आधी बेक करून (सगळ्या फ्रेमचा हिशेब एकदाच काढून) त्याची साठवण, म्हणजे कॅशे, सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर मधूनच सुरुवात करणाऱ्या नोडकडे आधीच्या फ्रेमचा हिशेबच नसतो.