गेम प्रोग्रॅमिंगला सुरुवात: आधी तो डेल्टा जागेवर बसवा

तुमची पोस्ट वाचली आणि ओळख पटली. मुलगी नववीत, स्क्रॅचवर (मुलांसाठीचं, ठोकळे जोडून कोड करायचं साधन) दोन-तीन गेम करून झालेत, आता क्लासमध्ये गोडो (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) शिकतेय. नोट्समधला कोड जसाच्या तसा लिहिला तर खेळाडू हलतच नाही. वेग दोनशेचा बारा हजार केल्यावर चालायला लागला, मग तोच न्याय बाकीच्या आकड्यांना लावला तर उडी मेली. क्लासवाल्यांचं उत्तर: "सराव वाढवा." असाच एक क्लास माझ्याही पदरी पडला होता. नाव घेत नाही. फी गेली तर गेली, पण मुलं "आपल्याला गणित जमत नाही" असं मनात धरून बसतात, त्याचा राग जास्त येतो. तुमच्या मुलीचं गणित ठीक आहे. नोट्स चुकल्या आहेत.

लूप, व्हेरिएबल, जर-तर हे स्क्रॅचमध्ये झालेलं असणार, त्यात शिरत नाही. थेट दुखण्यावर येतो.

स्क्रॅचमधला 'फॉरएव्हर' (आतल्या ओळी सतत चालवणारा ठोकळा) सेकंदाला साधारण 30 वेळा फिरतो. तिथे "एक्स 5 ने बदल" म्हटलं की सेकंदाला 150 एकक सरकतं आणि मुलं तो आकडा डोक्यात पक्का करतात. गोडोत तीच ओळ सेकंदाला 60 वेळा चालली तर 300 पिक्सेल होतात, 120 हर्ट्झच्या (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर 600. घरी नीट चाललेला गेम मैत्रिणीकडे सुसाट पळतो तो यामुळे. (1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले जोरात धावतात, त्याचं मूळही असंच होतं: चित्रं कमी उरली की यंत्र ती लवकर काढून मोकळं व्हायचं. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि मजा आली. आपल्याकडे तसं होईलच असं नाही.)

यावर उपाय म्हणून डेल्टा असतो, म्हणजे मागच्या फेरीपासून गेलेला वेळ, सेकंदात. सेकंदाला 60 फेऱ्या असतील तर 0.0167, म्हणजे 1 भागिले 60. इथवर क्लास बरोबर सांगतो. पुढे "हालचाल आली की डेल्टाने गुणा" असा सरसकट नियम देतो, आणि सगळा घोळ तिथे आहे.

कॅरेक्टरबॉडी टू-डी (गोडोतला खेळाडूसाठीचा तयार घटक) वापरताना शेवटी 'मूव्ह अँड स्लाइड' (खेळाडूला प्रत्यक्ष हलवणारं फंक्शन) बोलावतो ना, ते व्हेलॉसिटीला, म्हणजे वेगाला, स्वतःच डेल्टाने गुणतं. तुम्ही आधी गुणलंत की दोनदा गुणलं जातं. 200 भागिले 60, म्हणजे सेकंदाला साधारण 3.3 पिक्सेल. डोळ्याला तो खेळाडू उभाच दिसणार. वेग 12000 केला की 60 ने भागून पुन्हा 200 येतात, म्हणून "चाललं". आता गुरुत्वाकर्षण बघा. त्याची ओळ मुळात बरोबर होती, कारण ते वेगात भर घालतं आणि तिथे डेल्टा एकदा लागतोच. तिथेही 980 ला साठपट केलं की उडी संपली. 400 च्या उडीला 980 मध्ये साधारण 82 पिक्सेल उंची मिळते. साठपट गुरुत्वाकर्षणात त्यातलं जवळपास काहीच उरत नाही.

म्हणजे लक्षात ठेवायचं ते एवढंच. पोझिशन (खेळाडूची जागा) हाताने बदलत असाल तर डेल्टाने गुणा. व्हेलॉसिटीत भर घालत असाल (गुरुत्वाकर्षण, हळूहळू वाढणारा वेग) तर गुणा. व्हेलॉसिटीला थेट आकडा देऊन मूव्ह अँड स्लाइडच्या हवाली करत असाल तर हात लावू नका. गोडोच्या अधिकृत मार्गदर्शिकेतल्या पहिल्या टू-डी गेममध्ये खेळाडू एरिया टू-डी (मूव्ह अँड स्लाइड नसलेला दुसरा घटक) आहे, तिथे पोझिशन स्वतः बदलतात, म्हणून तिथे गुणलेलं बरोबर आहे. बहुतेक नोट्सवाले ती ओळ तिथून उचलून इथे चिकटवतात, असा माझा अंदाज.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. कॅरेक्टरबॉडी टू-डीला नवीन स्क्रिप्ट जोडताना टेम्प्लेटमध्ये 'बेसिक मूव्हमेंट' निवडा. वेग 300, उडी उणे 400 (वरची दिशा उणे असते, स्क्रॅचच्या उलट) आणि डेल्टा फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओळीत, असा नीट कोड आयता मिळतो. त्याच्या शेजारी क्लासचा कोड ठेवून फरक तिलाच शोधू द्या. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्सच्या 'कॉमन' भागात सेकंदाच्या टिक्स (म्हणजे फेऱ्या) 60 च्या 30 करून गेम चालवा. चालण्याचा वेग तोच राहिला तर कोड बरोबर. दुप्पट झाला तर कुठेतरी जास्तीचा डेल्टा आहे. निम्मा झाला तर कुठेतरी राहिलाय. उडीच्या उंचीत किंचित फरक पडेल, तो सोडून द्या. तपासून झालं की 60 परत ठेवा. ही चाचणी कुठल्याही क्लासात का घेत नाहीत कोण जाणे.

दुसरी शंका: नोट्समध्ये 'कायनेमॅटिकबॉडी' हा शब्द आहे का? असेल तर त्या गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीच्या आहेत. चौथी आवृत्ती मार्च 2023 मध्ये आली आणि बरंच बदललं. मूव्ह अँड स्लाइडचा कंस आता रिकामा असतो, 'इन्स्टन्स'चं 'इन्स्टन्शिएट' झालं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं, 'एक्स्पोर्ट' आणि 'ऑनरेडी'च्या आधी ॲट-चिन्ह लागतं. व्हिडिओ बघतानाही आधी आवृत्ती बघा, मग आवाज वाढवा. दोनदा गुणणं मात्र तिसऱ्या आवृत्तीतही चूकच होतं, त्यामुळे क्लासला ती सबब देता येणार नाही.

तुमचा लॅपटॉप जुना आहे म्हणालात. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. 'फॉरवर्ड प्लस'ला व्हल्कनसारखी नवी ग्राफिक्स यंत्रणा लागते आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ते रखडतं किंवा उघडतच नाही. 4 जीबी रॅममध्ये टू-डीचं काम होतं, ब्राउझर तेवढा बंद ठेवा. युनिटीच्या (गेम बनवायचं दुसरं, मोठं सॉफ्टवेअर) मागे आत्ता लागू नका, हे माझं वैयक्तिक मत. तिथे डाउनलोडच कित्येक जीबींचं आहे. आणि डेल्टाची गोम तिथेही आहेच: तिथल्या कॅरेक्टर कंट्रोलरच्या (खेळाडू हलवणारा घटक) 'मूव्ह'ला गुणायचं, 'सिम्पल मूव्ह'ला नाही.

काय बनवायचं? एका पडद्यात मावेल असं. पाँग (दोन फळ्या आणि एक चेंडू), मग विटा फोडायचा गेम, मग वरून पडणाऱ्या गोष्टी चुकवायच्या. प्रत्येकात सुरुवातीचा पडदा, गुण, हरल्यावर पुन्हा खेळ हे सगळं हवंच. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, पण अर्धं शिक्षण तिथेच होतं. ओपन वर्ल्डचा (कुठेही फिरता येईल अशा अफाट गेमचा) हट्ट असेल तर वहीत नकाशा काढू दे. चित्रांत वेळ घालवू नका, केनी (Kenney) नावाच्या साइटवर फुकट आणि निर्धास्त वापरता येतील अशी ढीगभर आहेत.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. फाइलची नावं सगळी लहान लिपीत ठेवा. विंडोजला मोठा पी आणि छोटा पी एकच वाटतो, पण वेबवर किंवा अँड्रॉइडवर टाकलं की चित्र सापडत नाही आणि कारण कळायला संध्याकाळ जाते. गेममध्ये मराठी मजकूर हवा असेल तर चौथीच आवृत्ती हवी, तिसरीत जोडाक्षरं फुटतात. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो' (Noto) नावाचा देवनागरी फाँट सोबत द्या. आणि प्ले स्टोअरची घाई करू नका. खातं अठरा वर्षांच्या पुढच्या माणसाच्या नावावर लागतं, 25 डॉलर भरावे लागतात, शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला गेम तपासणारे 12 जण सलग 14 दिवस दाखवावे लागतात (हे नियम बदलत असतात, भरण्याआधी बघून घ्या). त्यापेक्षा वेब एक्स्पोर्ट करून इच डॉट आयओवर (itch.io, गेम टाकायची साइट) टाका, तिथलं खातं तुमच्या देखरेखीखाली असू द्या, आणि लिंक मामा-मावशीला पाठवा.

टिक्सची चाचणी करून आकडे इथे टाका. नाहीच जमलं तर खेळाडूची स्क्रिप्ट पूर्ण चिकटवा, फोनने काढलेला पडद्याचा फोटो नको.