लेझरने खडकाचे वय : वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : लेझरने मूलद्रव्ये मोजताना खडक वितळतो का?

उत्तर : वितळू नये, यासाठीच तर सगळी खटपट असते. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेझर काही नॅनोसेकंदांच्या झोतांनी खनिजाचा पृष्ठभाग उडवतो. निघालेली धूळ हेलियम वायू वाहून नेतो, आर्गॉनच्या प्लाझ्मात (अतितप्त, विद्युतभारित वायूत) तिचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानानुसार मोजतो. ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि २० मायक्रॉन खोल खड्ड्यातून झिरकॉन या खनिजाचे जेमतेम ६५ नॅनोग्रॅम द्रव्य निघते, बाकीचा कण शाबूत राहतो.

प्रश्न : मग सह्याद्रीतील बेसॉल्टचे वय याच पद्धतीने का काढत नाहीत?

उत्तर : पहिली अडचण खुद्द खडकाची आहे. युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते आणि त्या दोघांच्या गुणोत्तरावरून वय निघते; पण युरेनियम धरून ठेवणारे झिरकॉन बेसॉल्टमध्ये सहसा तयारच होत नाही, म्हणून संशोधकांनी लाव्हाच्या दोन थरांमधल्या, ज्वालामुखीची राख मिसळलेल्या तांबड्या मातीतून त्याचे कण वेचले. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. लेझरने काढलेल्या वयात साधारण एक ते दोन टक्के अनिश्चितता उरते, या खडकाच्या ६.६ कोटी वर्षांच्या वयावर ती साडेसहा ते तेरा लाख वर्षे होते, आणि दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग सुमारे दहा लाख वर्षांतच बाहेर पडला. म्हणजे तळाचा थर आणि माथ्याचा थर यांच्या वयांत फरकच दिसणार नाही. म्हणून ते कण आम्लात विरघळवून, युरेनियम आणि शिसे वेगळे करून मोजले गेले. त्यामुळे अनिश्चितता काही दशसहस्र वर्षांवर आली. उलट, ज्या कणाचा गाभा जुना आणि कड नवी असते, तो अख्खा विरघळवला तर दोन्ही वयांची सरमिसळ होते. तिथे मी निःसंशय लेझरच निवडेन.

प्रश्न : झिरकॉनचे वय काढताना प्रमाण (ज्याच्याशी मोजमाप ताडून पाहायचे तो ज्ञात नमुना) म्हणून संदर्भ काच, म्हणजे घटक आधीच ठाऊक असलेली काच, पुरेशी आहे का? (एक पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. खड्डा खोल होत जातो तसे युरेनियम आणि शिसे यांचे मोजलेले गुणोत्तर सरकत जाते, आणि हे सरकणे काचेत आणि झिरकॉनमध्ये सारखे नसते. त्यामुळे प्रमाणही झिरकॉनच हवे. कॅनडातील ओंटारिओचे, सुमारे १०६ कोटी वर्षांचे ‘९१५००’ हे झिरकॉन त्यासाठी सर्रास वापरतात. विरल (अत्यल्प मात्रेत असणाऱ्या) मूलद्रव्यांसाठी मात्र काच चालते, पण नमुन्यातील सिलिकॉनसारख्या एखाद्या मूलद्रव्याची मात्रा आधी ठाऊक असावी लागते. शिवाय ज्ञात वयाचे आणखी एक झिरकॉन अज्ञात नमुना समजून मोजा आणि त्याचे आलेले वय प्रबंधात जरूर द्या, ते मनाजोगे आले नसले तरीही.