पिशाच कितव्या पानावर?

प्रिय मुली,

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. सोबतच्या चिठ्ठीत तू एकच विचारलंयस : फाशी गेलेल्या मारेकऱ्याचं पिशाच कितव्या पानावर आणू? खाली दोन रेघा मारल्यायस, म्हणजे झोप उडालेली दिसते. पान मी सांगणार नाही. तुझी अडचण वेगळीच आहे. बाराव्या पानावर 'वॉचमनची बायको' मरते आणि तिला तू नावसुद्धा दिलेलं नाहीस.

मारेकऱ्याला मात्र सगळं दिलंस. सावत्र बाप, भुवईवरचा व्रण, फाशीच्या आदल्या रात्री न खाल्लेली भाकरी. आधी मेलेल्याचं घर दाखव गं. भूत नंतर.

मी पुण्याचा. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात शहरात दहा खून पडले, तेव्हा मी सातवीत होतो. आई दिवेलागणीलाच दाराला आडणा घालायची. वडिलांनी कडी वाजवली तरी आधी नाव विचारायची. स्वतःच्या घरात शिरायला त्यांना रोज स्वतःचं नाव सांगावं लागायचं. चौघा मारेकऱ्यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. आज पुण्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचार, त्या चौघांतल्या 'जक्कल'चं नाव पटकन ओठावर येतं. खटल्याला मारल्या गेलेल्या दोन घरांवरून जोशी-अभ्यंकर म्हणतात तेवढं तरी बरं. पण पहिला बळी हेगडे आणि शेवटचा गोखले, त्यांना तिथंही जागा मिळाली नाही.

माझ्या हातूनही हेच झालं. पहिल्या कादंबरीत मी खुन्याचा समंध वाड्यातल्या आडावर बसवला आणि सहा माणसं मारली. पुस्तक खपलं. एका प्रदर्शनात एक आजी ते हातात धरून म्हणाल्या, "ती तिसरी बाई गेल्यावर तिच्या पोरांना कुणी नेलं हो?" मला उत्तर येईना. तिला पोरं आहेत, हे मीच एका ओळीत लिहून विसरलो होतो. प्रकाशकाला गणपतीच्या आत दोनशे पानं हवी होती, घरभाडं थकलं होतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानं तेच केलं असतं, असं मी अजूनही म्हणतो. पण त्या पोरांना कुणी नेलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पुढं दुसऱ्या एका प्रकाशकानं 'पहिली चाळीस पानं काढा, भूत लवकर येऊ द्या' म्हटलं, तेव्हा मी बाड उचलून घरी आणलं. ते अजून कपाटात आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता तुझं पिशाच. आपल्याकडे कुणी उगाच भूत होत नाही. मुंज झाली, पण सोडमुंजीआधी पोरगा गेला तर मुंजा. जीव धनात अडकला तर समंध. कुणाला झपाटलं की देवऋषी आधी हेच विचारतो, "कोण तू? काय पाहिजे तुला?" तुझ्या मारेकऱ्याला विचार. ज्यानं पाच गळे घोटले, त्याला सूड कशाचा घ्यायचाय? साक्ष दिल्याचा? मग साक्षीदार भरल्या कोर्टात कुणासाठी उभा राहिला? त्या वॉचमनच्या बायकोसाठी. ती कोण होती हेच कळलं नाही, तर साक्षीला वजन नाही. साक्षीला वजन नाही, तर पिशाचाचा रागही पोकळ. किती वेळा सांगू, आधी मेलेल्याचं घर!

वीज जाणं, मांजर रडणं, आरसा तडकणं, सगळं काढून टाक. अख्ख्या बाडात एकाच जागी माझ्या अंगावर काटा आला. खुनानंतर तिसऱ्या दिवशी वॉचमन गिरणीवर जातो आणि सवयीनं दोघांचं दळण ठेवतो. हे तूच लिहिलंस ना? मग बाकीची पानं अशी का?

रविवारी सकाळी ये. भुताचा एकही प्रसंग आणू नकोस. तिचं नाव, माहेरचं गाव आणि ते दळण गव्हाचं होतं की ज्वारीचं, एवढं ठरवून आण.