साक्ष दिली, पण खोटी

मावशी, जय ख्रिस्त. मी 31 वर्षांची. पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट असते. घरी मिस्टर, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई पहाटे चारला उठून प्रार्थनेला बसतात, एक दिवस चुकत नाहीत. मी यंदा वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं ठरवलं, मोबाइलवर अ‍ॅप घेतलं आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकले. आता अ‍ॅप रोज सांगतं, तुम्ही 74 दिवस मागे आहात. प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, नाहीतर झोप लागते. मागच्या महिन्यात महिलांच्या प्रार्थनासभेत माझी साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, पाळी आली. मी म्हणाले, ‘प्रभूने मला पहाटे वचन दिलं, भिऊ नको.’ मावशी, असं काहीही झालं नव्हतं. सगळ्या हालेलुया म्हणाल्या, सासूबाईंचे डोळे भरून आले. तेव्हापासून मी बायबल उघडलेलं नाही. मी देवापासून एवढी लांब गेलेय का? उपवास धरू का? की मंडळीच, म्हणजे चर्चच बदलू?

— एक बहीण, पुणे

जय ख्रिस्त, पोरी.

उपवास धरू नकोस. रात्रभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या बाईने वर उपाशीही राहायचं, हे मला पटत नाही. मंडळीही बदलू नकोस. तिथेही महिलांची सभा असेल आणि तिथेही कधीतरी तुझी पाळी येईल.

आता त्या साक्षीचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू मला सगळं सांगितलंस: भिंत, झोप, खोटं बोलणं, सासूबाईंचे डोळे. यातलं एक तरी वाक्य देवाला सांगितलंस का? माझा अंदाज आहे, नाही. कित्येक महिन्यांतली तुझी सगळ्यात खरी प्रार्थना तू लिहिलीस आणि पत्ता माझा घातलास. ती जिथे जायला हवी होती तिथे पाठव. आहे तशीच, शब्द न बदलता.

आपल्याकडे प्रार्थनेचा एक वेगळाच आवाज असतो, तुझ्या लक्षात आलंय का? एरवी ‘अगं बाई, काय सांगू तुला’ म्हणणारी बाई डोळे मिटले की एकदम ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो’ सुरू करते. सभेत ते चालतं, सगळ्यांसाठी बोलायचं असतं. पण एकटी असताना त्याच आवाजात बोलायला गेलं की भिंत लागणारच, कारण बोलणारी ती आपण नसतोच. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगातून हाक मारली, जी भाषा लहानपणापासून कानात होती तीच घेऊन. तुला अभंग जमणार नाहीत, मलाही जमत नाहीत. पण माहेरी आईशी बोलतेस ती भाषा तर आहे ना?

आणि भिंत वाटते म्हणून स्वतःला नास्तिक समजू नकोस. बायबलमधलं स्तोत्र 13 काढ, सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच ते म्हणणारा माणूस देवाला विचारतो: किती काळ? एकदा नाही, चार वेळा. शेवटी त्याचा सूर बदलतो, तो गाऊ लागतो. पण स्तोत्र 88 मध्ये तेही होत नाही. ते अंधारातच संपतं. शेवटच्या ओळीत आभार नाहीत, विजय नाही, काही नाही. तरी ज्यांनी शास्त्र आपल्यापर्यंत पोचवलं त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही. आपल्या सभेत ते कुणी साक्ष म्हणून उभं राहून म्हटलं तर पुढच्या आठवड्यात चार बहिणी घरी येतील प्रार्थना करायला.

साक्षीची ही घाई मला खरंच कळत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली. नवऱ्यापाठोपाठ एका रात्रीत त्या बदलल्या नाहीत. भांडल्या, रडल्या, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला आल्या. आज असत्या तर पहिल्याच रविवारी कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला असता.

तू खोटं बोललीस हे खरं, आणि मी त्यावर पांघरूण घालत नाही. पण पुढच्या सभेत उभं राहून कबुली द्यायची काही गरज नाही, त्याचीही एक साक्ष होऊन बसेल. पाळी आली की म्हण, ‘आज माझ्याकडे सांगण्यासारखं नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ मला वाटतं, निदान दोन बायका तरी सुटकेचा श्वास टाकतील. एका माणसाला मात्र खरं सांग, सासूबाईंना. रडू त्यांना आलं होतं, तेव्हा हक्क त्यांचा.

सासूबाईंबद्दल तुझ्या मनात जे चित्र आहे त्याविषयीही बोलते. माझी आई पहाटे चारला उठायची. आम्हा भावंडांना वाटायचं, आई तासभर देवाशी बोलते. मी दहावीत असताना अभ्यासाला लवकर उठले आणि स्वयंपाकघरात डोकावले. कंदिलाची वात बारीक केलेली, मांडीवर ‘उपासना संगीत’ हे भक्तिगीतांचं पुस्तक उघडं, आणि आई भिंतीला टेकून घोरत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला हसू आवरेना. जाग आली तेव्हा म्हणाली, ‘बसते मी रोज. कधी बोलणं होतं, कधी डोळा लागतो. पण जागा माझी ठरलेली आहे.’ तिचं एवढंच गुपित होतं, आणि मला ते समजायला पुढची तीस वर्षं लागली.

म्हणून चारचा नाद सोड. पहाटे अंधारात उठून एकांतात गेलेला येशू मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, ते वचन तुला कुणीतरी ऐकवलं असेलच. त्याच्या पुढचं वचनही वाच. शिमोन आणि बाकीचे शिष्य त्याला शोधत आले, म्हणाले सगळे तुमचा शोध करताहेत. त्यालाही कुणी निवांत बसू दिलं नाही. आणि त्याला सकाळी डबा भरायचा नव्हता, बाळ.

अ‍ॅप काढून टाक. बायबलचे 1189 अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून जास्त पडतात. उत्पत्तीचे 50, निर्गमाचे 40, म्हणजे जानेवारी संपता संपता माणूस लेवीयात पोचतो, आणि तिथे होमबली, चरबी, महारोगाचे नियम. दरवर्षी फेब्रुवारीत अर्धी मंडळी तिथेच बसलेली असते. तू एकटी नाहीस. मागे राहिलेले 74 दिवस भरून काढायचे नाहीत. ते गेले.

त्याऐवजी स्तोत्र 120 ते 134 घे. यरुशलेमला सणाला वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ही पंधरा स्तोत्रं, बहुतेक सगळी तोकडी. वारीच्या वाटेवर म्हणायचे अभंग असावेत तशी. एका वेळी एक, तेही पुरे वाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. शेवटचं, 134 वं, तुझ्यासाठी. तीनच वचनं. त्यात रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभे राहणाऱ्यांना हाक मारली आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशातल्या, गायकांबद्दल लिहिलंय की त्यांना रात्रंदिवस आपलं काम असायचं. ज्या लेवींच्या पुस्तकात तू अडकलीस, त्यांनाही नाइट ड्यूटी होती! रात्री तीनच्या राउंडनंतर नर्सिंग स्टेशनवर बसून हे स्तोत्र वाच, मग मला सांग.

आणखी एक. साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे तू मला शिकवशील. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तर साधारण तेवढाच वेळ जातो. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तू रात्रीत कितीदा बेसिनपाशी उभी राहतेस? प्रत्येक वेळी नको, त्याचाही हिशोब ठेवशील तू. एका वेळी कर. त्यातल्या ‘आमची रोजची भाकर’ या ओळीपाशी आलीस की ज्याच्याकडे जायचं आहे त्या बेडचा विचार कर, बस.

झोपेबद्दल शेवटी बोलते, कारण मला तुझी खरी काळजी तिथे वाटते. एलीया संदेष्टा थकून एका झुडपाखाली आडवा झाला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला आधी काय दिलं? वचन नाही, ताडन नाही. देवदूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर. तेव्हा नाइटवरून आलीस की आधी जेव आणि झोप. मुलाला दुपारपर्यंत मिस्टरांनी किंवा सासूबाईंनी बघावं, हे मोकळेपणी मागून घे. आणि सुटीच्या आठवड्यातही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मुलाशी खेळावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. दुसऱ्या कुणाला तू हेच सांगितलं असतंस, विश्वास कमी पडला असं म्हणाली नसतीस.

या आठवड्यात नाइट नसेल तर एके दिवशी चारला उठ. प्रार्थनेला नको. दोन कप चहा टाक आणि सासूबाईंशेजारी जाऊन बस. साक्षीचं सांग. मग त्यांना विचार, त्या रोज इथे नेमकं काय करतात. काय म्हणाल्या ते मला कळव. आईची आठवण आली म्हणून विचारतेय.

तुझी मावशी