हरणाचा खिमा यंत्रात का अडकतो?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या सहकाऱ्याने शिकार करून दिलेल्या हरणाच्या खांद्याचा व मानेचा खिमा करताना यंत्र वारंवार अडकते आणि शिजल्यावर उग्र वास येतो, असे आपण लिहिले आहे. या दोन्हींचे मूळ बहुधा यंत्रात नसून मांसाच्या साफसफाईत आहे.

हरणाची चरबी लवकर थिजते, टाळूला मेणासारखी चिकटते आणि उग्र वास मुख्यतः तिच्यातूनच येतो; त्यामुळे ती दिसेल तेथून काढून टाकावी. स्नायूंवरचा चंदेरी पडदा आणि शिरा पात्याभोवती गुंडाळल्या जातात व मग मांस कापले न जाता चेचले जाते. मानेच्या मांसात हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. गोळीच्या जखमेभोवतालचे मांस मात्र सढळ हाताने फेकून द्यावे, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरलेले असतात आणि खिमा करताना ते सगळ्या मांसात मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण आढळले होते.

साफ केलेल्या मांसाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे परातीत पसरून, कडा कडक होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावेत. यंत्राची पाती आणि जाळ्याही तेथेच ठेवाव्यात. प्रथम मोठ्या छिद्रांच्या जाळीतून व मग बारीक जाळीतून मांस काढावे. हे मांस फार कोरडे असल्याने साधारण १० ते १५ टक्के दुसरी चरबी घालावी. अमेरिकेत बहुतेक जण डुकराची घालतात. आपल्या मसाल्याला मला बोकडाची अधिक बरी वाटते.

हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाचा विस्कॉन्सिनमध्ये प्रादुर्भाव आहे. माणसाला तो झाल्याचे अद्याप आढळलेले नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे, आणि शिजवल्याने त्याचा कारक नष्ट होत नाही. म्हणून या रोगासाठी केलेल्या चाचणीचा निकाल सहकाऱ्याला विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नये आणि दोन जनावरांचे मांस एकत्र करू नये.

पृष्ठभागावरचे जंतू खिम्यात आतपर्यंत जात असल्याने तो ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावा. उरलेला खिमा पिशवीत चपटा करून गोठवल्यास लवकर थिजतो; तीन-चार महिन्यांत संपवल्यास चव टिकते.