पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे?

हात उगारला नाही म्हणजे छळ नाही, असं आपल्याकडे अजूनही धरलं जातं. लग्न करून परदेशात गेलेल्या बाईचंच घ्या: तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात, आईशी बोलायचं तर फोन स्पीकरवर, तिचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि भांडण झालं की "व्हिसा रद्द करून टाकीन". हाही छळच. भारताच्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. व्हिसा नवरा रद्द करत नाही. तो फार तर कळवतो, निर्णय तिथलं इमिग्रेशन खातं घेतं. जिवावर बेतलं तर अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999. ब्रिटनमध्ये 999 लावल्यावर बोलता येत नसेल तर मोबाइलवर 55 दाबा. सल्ल्यासाठी अमेरिकेत 1-800-799-7233, ब्रिटनमध्ये 0808 2000 247. दुभाषी मागता येतो.

खरा धोका सुट्टीत भारतात येताना असतो. बायकोला ठाण्याला माहेरी सोडायचं, तिचा पासपोर्ट घेऊन एकट्यानं परत जायचं आणि तिचं परतीचं तिकीट रद्द करायचं, असं अनेकींच्या बाबतीत झालं आहे. म्हणून निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, त्याची पगाराची स्लिप या सगळ्यांचे फोटो त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर पाठवून ठेवा. घरातल्या सामाईक लॅपटॉपवरून मात्र नको. पासपोर्ट विमानतळावरही स्वतःच्या पर्समध्येच ठेवा.

त्यानं नेलाच, तर पोलीस ठाण्यात "हरवला" म्हणून नोंद करू नका. "नवऱ्यानं नेला" असंच लिहून द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. पुढे कोर्टात तोच पुरावा होतो.

माहेरच्यांना कळकळीची विनंती: "सबुरीनं घे, बोलावील तो" म्हणत महिने घालवू नका. तेवढ्यात तिकडे घटस्फोट एकतर्फी होऊन बसतो. परदेशी कोर्टाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका आणि कशावरही सही करू नका. आधी वकील गाठा, कारण तिथे नुसतं हजर झालं तरी त्या कोर्टाचा अधिकार मान्य केल्यासारखं होऊ शकतं.

छळ परदेशात झाला असला तरी ती सध्या जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, मुक्काम तात्पुरता असला तरी (2005 च्या त्याच कायद्याचं कलम 27). पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन हे सगळं त्याच अर्जात मागता येतं. दागिने सासूच्या लॉकरमध्ये असतील तर लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या जोडा. वकिलाच्या फीसाठी अडून राहू नका: स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी ठाण्यात कोर्ट नाक्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा.