हॅम रेडिओच्या मास्टसाठी अ‍ॅल्युमिनियमचा कोणता मिश्रधातू घ्यावा?

तुम्हाला हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी रेडिओ संपर्कासाठी, 9 मीटरचा मास्ट (अँटेनाचा खांब) उभा करायचा आहे आणि त्यावर तीन एलिमेंटची यागी, म्हणजे तीन आडव्या नळ्यांची दिशादर्शी अँटेना, बसवायची आहे. 6063 ची नळी सहज मिळते, 6061 महाग पडते, आणि "सर्वात मजबूत तर 7075" असंही कुणीतरी सांगितलं आहे. शिवाय दोन नळ्या वेल्ड करून लांबी गाठायचा विचार आहे. आधी थेट उत्तर देतो: 6061-टी6 घ्या, 7075 च्या वाटेला जाऊ नका आणि वेल्डिंगचा विचार सोडून द्या.

आता कारणं. मिश्रधातूच्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व त्यामागच्या 'टी'ला आहे. टी6 म्हणजे धातू साधारण 530 अंशांपर्यंत तापवून झटकन थंड केलेला आणि मग 160 ते 175 अंशांवर काही तास मुरवलेला. या प्रक्रियेनंतर 6061 ची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे नळी कायमची वाकू लागते तो ताण, किमान 240 मेगापास्कल धरता येते. तोच 6061 मऊ अवस्थेत असेल तर जेमतेम 55. दिसायला दोन्ही नळ्या अगदी सारख्याच! त्यामुळे "6061 आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, टेम्पर, म्हणजे 'टी'चा क्रमांक, विचारा आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. 6063 चंही तसंच आहे. खिडक्यांच्या चौकटींसाठी येणारा टी5 किमान 110, टी6 किमान 170, आणि अँटेनाच्या एलिमेंटसाठी वापरतात तो ओढून काढलेला टी832 जवळपास 6061-टी6 च्या तोडीचा. 6082-टी6 मिळाला तर तोही बिनधास्त घ्या.

हे आकडे तुमच्या मास्टला लावून बघू. समजा मास्टला चहूबाजूंनी जमिनीकडे ताणून धरणाऱ्या तारांपैकी सर्वात वरच्या तारा ज्या कड्याला बांधल्या आहेत, त्यापासून अँटेना 1.5 मीटर उंच आहे, वाऱ्याला सामोरं जाणारं तिचं क्षेत्रफळ 0.5 चौरस मीटर आहे आणि वारा 35 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 126 किलोमीटर. वाऱ्याचा दाब 0.613 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे 750 पास्कल. गोल नळ्यांसाठी आकाराचा गुणांक 1.2 धरला तर अँटेनावर साधारण 450 न्यूटन जोर येतो. नळीवरचा वारा मिळवून तारांच्या कड्यापाशी सुमारे 725 न्यूटन-मीटर इतका वाकवणारा आघूर्ण (जोर गुणिले अंतर) तयार होतो. बाहेरचा व्यास 50 मिमी आणि जाडी 3 मिमी असलेल्या नळीत त्यामुळे 148 मेगापास्कल ताण येतो. 6063-टी5 इथेच दुमडेल. 6063-टी6 काठावर पास होईल, पण झोताच्या वाऱ्यात काठावर पास होऊन भागत नाही. 6061-टी6 मध्ये सुमारे 1.6 पट राखीव ताकद उरते.

आता जाडी तीच ठेवून व्यास 60 मिमी करा. ताण 101 वर उतरतो आणि राखीव ताकद 2.4 पटीच्या आसपास जाते. वजन वाढतं फक्त एकवीस टक्के. म्हणूनच 50 मिमीची 6 मिमी जाड नळी घेण्यापेक्षा 60 मिमीची 3 मिमी जाड नळी मला केव्हाही पसंत आहे. ताकदीत जाड नळी थोडी वरचढ ठरते खरी, पण ताठपणात मोठ्या व्यासाची नळी पुढे, आणि वजन दोन तृतीयांशाहूनही कमी.

7075 चा मोह इथेच गळून पडतो. त्याच्या टी6 ची यील्ड स्ट्रेंथ 500 च्या घरात असते, हे खरं. पण ताठपणा ज्यावर ठरतो तो लवचिकता गुणांक सगळ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंमध्ये जवळपास सारखाच, 70 गिगापास्कलच्या आसपास असतो. ताणाच्या तारा मास्टला खाली दाबत असतात आणि सडपातळ मास्ट त्या दाबाने बाकदार होऊन कोसळतो तो ताठपणा कमी पडल्यामुळे. तिथे महागड्या 7075 चा काडीचा उपयोग नाही. वर त्यात तांबं असल्याने, खारट हवेत तर विशेषच, तो लवकर गंजतो आणि ताणाखाली त्याला भेगा पडण्याचा धोका राहतो. 2024 मध्ये तांबं चार टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे उघड्यावर तोही नको.

वेल्डिंगबद्दल मी इतका ठाम का आहे? टी6 ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगची उष्णता ती तिथल्या तिथे घालवते. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 25 मिमी पट्ट्यात 6061-टी6 ची यील्ड स्ट्रेंथ निम्म्याहून खाली येते, मग वेल्डर कितीही निष्णात असो. त्याऐवजी आतून घट्ट बसणारी नळी सरकवून जोड करा. प्रत्येक बाजूला निदान तीन व्यासांइतकी लांबी आत जाऊ द्या, आणि जोड वरच्या कड्यापासून लांब ठेवा. त्या कड्यापाशी आरपार भोकही पाडू नका, क्लॅम्प वापरा. अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची ठरावीक मर्यादा, म्हणजे ज्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी भेग पडत नाही अशी पातळी, नसते. वाऱ्याच्या रोजच्या हेलकाव्यांनी भेग सुरू होते ती बहुतेक वेळा भोकाच्या काठावरून. वर्षातून एकदा तरी मास्ट खाली घेऊन त्या जागा कापडाने पुसून नीट बघत जा.

बोल्ट आणि क्लॅम्प स्टेनलेस किंवा गॅल्वनाइज्ड असू द्या. अर्थिंगची तांब्याची तार मात्र थेट नळीवर कधीच आवळू नका. मध्ये स्टेनलेसचा तुकडा घाला, नाहीतर ओल लागताच अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं. खालचं टोक ओल्या काँक्रीटमध्ये पुरू नका, त्यातला अल्कली धातू खातो. पायाशी बिजागरीची गॅल्वनाइज्ड बैठक करा, म्हणजे मास्ट आडवा करणंही सोपं जाईल. आणि तो कुठल्याही दिशेला पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही, हे जागा ठरवण्यापूर्वीच मोजून घ्या.